साडेतीनशे मिलिमीटर शांतता

डमडमच्या त्या दोन खोल्यांत श्यामकांत मेहेंदळे सहा वर्षं मोजे घालून वावरत होते. एप्रिल-मेमध्येसुद्धा. कोलकात्याच्या उन्हाळ्यात लोकरीचे मोजे घालणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर नवरा असतो. मेहेंदळे दुसऱ्या वर्गात मोडत.

आजारी होती सरला, त्यांची बायको. सहा वर्षांपूर्वी तिला साधा ताप आला, आठ दिवसांत गेला, आणि जाताना कानांचं काहीतरी बिघडवून गेला. ऐकू कमी आलं असतं तर चाललं असतं, माहेरी तशी परंपराच होती. सरलाचं उलट झालं. सगळे आवाज तिला टोचायला लागले. चमचा पडला की ती कपाळ धरून खाली बसे. कुकरच्या शिट्टीनं तिला उलटी होई. तीस वर्षं प्राथमिक शाळेत साठ-साठ पोरांचा गोंगाट हसत झेलणाऱ्या बाईला शाळा सोडावी लागली. कानाच्या तीन डॉक्टरांनी तीन टॉर्च मारून पाहिले आणि यावर औषध नाही, शांत जागी राहा, असं सांगितलं. तिसऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याखाली बसस्टॉप होता, त्यामुळे हा सल्ला त्यांना दोनदा ओरडून द्यावा लागला.

घरातली स्टीलची भांडी गेली, लाकडाची आणि प्लास्टिकची आली. दारावरची घंटा निघाली. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारला थांबवण्यात आलं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नवरा-बायको कुजबुजत बोलत. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर ही दोघं कुणाविरुद्ध तरी कट करताहेत असं वाटलं असतं.

"अहो," जेवताना सरला कुजबुजे, "तुम्ही काकडी खाताय ना?"

"हो."

"किती वेळा चावता ते मोजता येतंय मला. बत्तीस झाले. गिळा आता."

तेवढं सगळं जमत होतं. पण विमानतळ जवळच होता, वरून विमानं जात, आणि विमानांना मोजे घालता येत नाहीत.

मेहेंदळे रवींद्र सदनाजवळच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात भिंतींचे मुख्य होते. हुद्दा इंग्रजीत बराच लांब होता, पण काम भिंतींचं. वडिलांच्या बँकेतल्या बदलीबरोबर साताऱ्याहून ते इथे आले, वडील रिटायर होऊन परत गेले, आणि मेहेंदळे ड्रॉइंग बोर्डाला चिकटून राहिले ते राहिलेच. पुढे बोर्ड गेला आणि कॉम्प्युटर आला.

त्यांचं काम जरा समजावून सांगायला हवं. पूर्वी भिंत काढायची म्हणजे दोन रेघा ओढायच्या. आता कॉम्प्युटरवर सबंध इमारतच उभी करतात, आणि तिथली भिंत रेघांची नसते, थरांची असते. प्लास्टर, वीट, काचेच्या तंतूंची ती पिवळी ग्लासवूल, हवा, वीट, प्लास्टर. थर ठरले की त्या भिंतीला एक नाव द्यायचं, आणि ती हव्या तितक्या ठिकाणी लावायची. पुढे कधी त्या नावाखालचा एखादा थर बदलला, की त्या नावाच्या सगळ्या भिंती, सगळ्या मजल्यांवर, एका क्षणात बदलतात. म्हणून एकाच ठिकाणी बदल हवा असेल तर आधी त्या भिंतीची नक्कल करायची, नकलेला वेगळं नाव द्यायचं, आणि मग नकलेचे थर बदलायचे. ऑफिसात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाकडून मेहेंदळे पहिल्या दिवशी हे तीनदा म्हणून घेत. आधी नक्कल, मग बदल. आधी नक्कल, मग बदल. तिसऱ्या वेळी ते डोळे मिटून ऐकत.

दुसरा नियम त्यांनी स्वतः शोधून काढला होता. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही. ते नाव चारशे नकाशांवर छापलेलं असतं, कॉर्पोरेशनच्या शिक्क्याखाली गेलेलं असतं. ते बदललं की सगळे नकाशे पुन्हा. आत काय घालायचं ते घाला, वरचं नाव तेच ठेवा. ऑफिसचे मालक बागचीसाहेब या नियमावर खूश होते. "श्यामदा," ते म्हणायचे, "यावर तर अख्खा देश चाललाय!"

बेहालाच्या पुढे, मेट्रोच्या नव्या मार्गाजवळ, तळमजला धरून दहा मजल्यांची एक सोसायटी ऑफिसकडे आली तेव्हा मेहेंदळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक भिंत मन लावून काढली. शेजारच्या दोन फ्लॅटमधली सामाईक भिंत. प्लास्टर, पाच इंची वीट, ग्लासवूल, हवा, पुन्हा पाच इंची वीट, प्लास्टर. एकूण साडेतीनशे मिलिमीटर. नाव दिलं डब्ल्यू-सात. बिल्डरनं जाडीबद्दल कुरकुर केली, तेव्हा कधी न बोलणारे मेहेंदळे मीटिंगमध्ये सलग वीस मिनिटं बोलले. बिल्डर दमून हो म्हणाला. त्याच आठवड्यात मेहेंदळ्यांनी, होतं नव्हतं ते घालून, सहाव्या मजल्यावरचा सी नंबरचा फ्लॅट आपल्या नावावर केला. त्यात आतली एक खोली अशी होती, की जिला रस्ता लागत नव्हता, लिफ्ट लागत नव्हती, फक्त डब्ल्यू-सात लागत होती.

भिंतीचा छेद मोठा करून, छापून त्यांनी घरी आणला. घडी उलगडताना कागद वाजू नये म्हणून तो गुंडाळी करून आणला होता.

"हे काय?"

"तुझी भिंत."

सरलानं चष्मा लावला. "एवढी जाड?"

"पलीकडे सनई वाजली तरी कळणार नाही."

"पलीकडे कोण येणार?"

"घोषाल म्हणून कुणी आहेत. रिटायर्ड. एकटेच."

"एकटी माणसं खोकतात."

"खोकू देत की. वीट आहे, ग्लासवूल आहे, हवा आहे, परत वीट आहे."

सरलानं तो कागद पलंगाशेजारी चिकटवला. मग विमान आलं की डोळे मिटून ती त्याच्यावरून बोट फिरवी आणि ओठांत म्हणे, प्लास्टर, वीट, ग्लासवूल, हवा, वीट, प्लास्टर. विमान जाईपर्यंत दोन फेऱ्या होत. मोठं विमान असेल तर तीन. देवाचं ती पूर्वीही फारसं काही म्हणत नव्हती.

एकोणीस जुलैला दुपारी बागचीसाहेबांनी एक किरकोळ काम दिलं. तळमजल्यावर क्लबरूमशेजारी जी एक डब्ल्यू-सात होती, तिच्यातून ड्रेनेजचे पाइप न्यायचे होते. तेवढ्यापुरती भिंत पोकळ करायची. जाडी साडेतीनशेच ठेवायची, म्हणजे मंजूर नकाशाला धक्का नको. विटा काढायच्या, ग्लासवूल काढायची, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या पातळ शीटा लावायच्या, मध्ये पत्र्याची चौकट, बाकी रिकामं. मेहेंदळ्यांनी भिंतीवर क्लिक केलं, थरांचा तक्ता उघडला, आणि खिशातला फोन थरथरला. वर सरलाचं नाव होतं.

सरला फोन करत नसे. आजारपणापासून तिनं एकदाही केला नव्हता. मेहेंदळ्यांनी कानाला लावला तर पलीकडे सरला बोलतच नव्हती, नुसता ड्रिल मशीनचा आवाज. घर्रर्र, थांबून परत घर्रर्र. त्यामध्ये कुठेतरी कुणीतरी श्वास घेत होतं. मेहेंदळ्यांनी उभ्याउभ्याच थर बदलले, ओके दाबलं आणि मेट्रोकडे धावले.

डमडमच्या घरी सरला कपाटात सापडली. गोधड्यांच्या कप्प्याखाली, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही कानांत बोटं. शेजाऱ्यांकडे एसी बसत होता. मेहेंदळे कपाटाबाहेर जमिनीवर बसून राहिले. दोन दिवस ते ऑफिसात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, क्लबरूमची भिंत उघडून पाहिली, ती हवी तशी पोकळ झाली होती. यादीवर बरोबरची खूण करून ते पुढच्या कामाला लागले.

त्याच डिसेंबरात ऑफिसच्या वार्षिक समारंभात त्यांना शाल, गुच्छ आणि फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. बागचीसाहेब भाषणात म्हणाले की श्यामदांनी इमारतीचं ओझं हलकं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे आपल्या शांत स्वभावाबद्दल असावं, असं मेहेंदळ्यांना वाटलं. प्रशस्तिपत्रावर नावातच तीन चुका होत्या, त्यामुळे पुढे वाचण्याची इच्छा उरली नाही. फ्रेम माळ्यावर गेली.

त्यानंतर इमारत वर चढत राहिली आणि मेहेंदळे रोज सकाळी एकदा सहाव्या मजल्याचा नकाशा उघडून पाहत. भिंतीवर लिहिलेलं असे, डब्ल्यू-सात, साडेतीनशे. ते घरी येऊन सांगत, "आहे."

सरला विचारी, "पाहिलीत?"

"आजच पाहिली."

ताबा मिळाला तो त्या जुलैनंतर अडीच वर्षांनी, माघातल्या एका रविवारी. मेहेंदळ्यांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते. डमडमची भाड्याची जागा सोडली होती, तिथे दुसऱ्याच दिवशी पोरांचा कोचिंग क्लास सुरू होणार होता. सरला टॅक्सीतून कानांवर आवाज अडवणारे ते मोठे गोल ईअरमफ लावून आली. विमानतळावर धावपट्टीशेजारी काम करणारी माणसं लावतात ते, मेहेंदळ्यांनी ओळखीनं मिळवलेले. आतल्या खोलीत पोचल्यावर तिनं ते काढले.

खोली रिकामी होती. दोघं मध्ये उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. सरलानं हळूच मेहेंदळ्यांचा हात धरला. गेल्या सहा वर्षांत तिचा चेहरा इतका सैल झालेला त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्यांच्या मनात आलं की आता मोजे काढायला हरकत नाही.

तेवढ्यात सातव्या मजल्यावर कुणीतरी फ्लश ओढला.

पाणी भिंतीच्या आतून आलं. डोक्याच्या वरून निघालं, कानाशेजारून गेलं आणि पायाखाली उतरलं, सगळं साडेतीनशे मिलिमीटरच्या आत. सरला भिंतीपासून मागे सरकली, पण खोली दहा बाय दहाची होती. मेहेंदळ्यांनी पुढे होऊन भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. सतरंजी घातलेल्या रिकाम्या खोक्यावर करावं, तसं वाजलं.

पलीकडे घोषालबाबू खोकले. सरलाचा अंदाज बरोबर होता.

सोमवारी मेहेंदळे सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले, पण फाइल उघडायला त्यांचा हात होईना. ते पारमिता येईपर्यंत थांबले. पारमिता त्यांच्या हाताखालची, सहा वर्षांपूर्वी तीनदा म्हणून दाखवून नोकरीला लागलेली.

"डब्ल्यू-सात उघड," ते म्हणाले.

तिनं उघडली. शीट, रिकामं, शीट.

"क्लबरूमची नको. वरची उघड."

"श्यामदा, एकच तर आहे. सगळीकडे हीच." ती त्यांच्याकडे पाहायला लागली. "कधीचीच पोकळ आहे ही. ऐंशीच्या ऐंशी."

"कुणी केली?"

सॉफ्टवेअरमध्ये कुणी कधी काय बदललं याची एक नोंद असते. ती ठेवलीच पाहिजे असा आग्रह मेहेंदळ्यांचाच होता. पारमितानं ती उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. एस. मेहेंदळे, एकोणीस जुलै, तीन वाजून बावन्न मिनिटं.

पारमितानं खुर्ची थोडी मागे घेतली. तिनं तो नियम म्हणून दाखवला असता तर बरं झालं असतं.

"पण नाव तेच आहे," मेहेंदळे म्हणाले.

"नाव बदलायचं नाही, असं तुम्हीच..."

"तुला दिसलं नाही कधी?"

"दिसलं होतं की. वाटलं, तुम्ही केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल."

बागचीसाहेबांनी चहा मागवला. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "श्यामदा, आम्हाला वाटलं ही तुमचीच आयडिया! बिल्डर तर नाचत होता. भिंती हलक्या झाल्या म्हणून बीम बारीक केले, बीम बारीक झाले म्हणून खांब बारीक केले. प्लंबिंगवाल्याला जागोजाग पोकळ भिंत मिळाली, त्यानं सगळे पाइप तिथून उतरवले. कुठेही पाइप बीमला आडवा गेला नाही. एकही नाही! त्या दिवशी ऑफिसात मिठाई म्हणून संदेश वाटले होते, आठवतंय?"

आठवत होतं. मेहेंदळ्यांनी दोन खाल्ले होते.

"आता विटा घालता येणार नाहीत?"

"घाला की. भिंत राहील," बागचीसाहेब म्हणाले, "मजला राहणार नाही."

महिनाभर मेहेंदळ्यांनी जे करता येईल ते केलं. आपल्या बाजूनं ग्लासवूल आणि आणखी एक शीट लावून घेतली. ते बसवताना तीन दिवस ड्रिल चाललं आणि सरला ते तीन दिवस सोसायटीच्या बंद पडलेल्या पंपाच्या खोलीत बसून राहिली. एवढं करून असं कळलं, की पाइप प्रत्येक मजल्यावर स्लॅबला पट्ट्यांनी जखडलेले आहेत, आणि आवाज भिंतीतून कमी, जमिनीतून जास्त येतो. वरच्या तिन्ही मजल्यांवर माणसं राहायला आली होती. सरलाला आता कुणाचा फ्लश कुठला ते ओळखू यायला लागलं. नवव्या मजल्यावरच्या माणसाचं पोट बिघडलेलं असतं, असं ती म्हणाली. एकदा तिनं विचारलं, "विमानं किती वाजता बंद व्हायची हो तिकडे?" आणि मग स्वतःच म्हणाली, "नाही, सहज."

हे असं का झालं, ते मेहेंदळ्यांनी तिला सांगितलं नव्हतं. बिल्डरनं फसवलं, एवढंच सांगितलं होतं. बिल्डरबद्दल असं काहीही सांगितलं तरी लोकांना ते पटतं, ही एक सोय आहे.

फाल्गुनात एकदा दुपारी सरला उरलेली खोकी उघडत होती. मेहेंदळे रजेवर घरीच होते, मोजे घालून. एका खोक्यात तळाशी ती फ्रेम निघाली. सरला छापलेलं सगळं वाचते, औषधाच्या डबीवरचं बारीक अक्षरसुद्धा. तिनं खिडकीशी जाऊन प्रशस्तिपत्र वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"अहो, हे तुम्हाला कशाबद्दल दिलं होतं?"

"असंच. नावात तीन चुका आहेत बघ."

"चार आहेत. पण खाली लिहिलंय, बेहाला प्रकल्पातल्या सामाईक भिंती हलक्या केल्याबद्दल. जुलैमध्ये." तिनं चष्मा काढला. "सामाईक म्हणजे हीच ना?"

मेहेंदळे पलंगाच्या कडेला बसले. तीस वर्षं शाळेत मुलांच्या चोऱ्या पकडलेल्या बाईपुढे किती वेळ टिकणार? त्यांनी सगळं सांगितलं. क्लबरूमची भिंत, न केलेली नक्कल, तेच राहिलेलं नाव. तारीख तेवढी सांगायची नाही, असं त्यांनी बोलता बोलता ठरवलं.

"जुलैमध्ये कधी?" सरलानं विचारलं.

"आठवत नाही."

"श्यामकांत मेहेंदळ्यांना तारीख आठवत नाही?"

वर नवव्या मजल्यावरचं पाणी सुटलं. सरलानं डोळे मिटले. बोट सवयीनं हवेत उचललं गेलं आणि पहिल्याच थराशी थांबलं, कारण पुढे काय म्हणायचं ते उरलं नव्हतं. पाणी अकरा सेकंद चाललं. मेहेंदळ्यांना ते हल्ली पाठ झालं होतं.

डोळे उघडले तेव्हा सरलाला कळलेलं होतं.

"एसी बसत होता त्या दिवशी," ती म्हणाली. "मी फोन केला."

"तुझा काही संबंध नाही. दाबलं मी."

"मी नसता केला, तर तुम्ही नक्कल केली असतीत."

"सरला, तू कपाटात होतीस!"

आवाज जरा चढला होता. तिनं कपाळ धरलं. मेहेंदळे जागच्या जागी गोठून बसले, आणि पुन्हा कुजबुजीवर आले, "चूक माझी आहे. पंधरा वर्षं लोकांना शिकवतोय मी ते."

"बरं," ती कुजबुजली. "तुमची तर तुमची. भांडायला नको. भांडायलाही आवाज लागतो."

तिनं फ्रेम पालथी करून खोक्यात ठेवली, वर गोधडी टाकली, आणि ती येऊन त्यांच्याशेजारी बसली. दोघं भिंतीकडे पाठ करून बसली होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मग आता?"

सकाळी त्यांनी लॅपटॉपवर डब्ल्यू-सात उघडून बसल्या बसल्या तिची नक्कल केली होती, नकलेला नवं नाव दिलं होतं, आणि सहाच्या सहा थर पुन्हा एकेक करून घातले होते. ते काही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"काही नाही," ते कुजबुजले. "हेच."

"हं," सरला म्हणाली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, शेजारी बसून बोलावं इतक्या साध्या आवाजात घोषालबाबू म्हणाले, "मेहेंदाले-दा, चा होच्छे. आशबेन दुजने?" चहा टाकलाय, दोघं येता का. म्हातारा भला होता. एवढं सगळं ऐकल्यावर त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

सरलानं दोन्ही हात कानांवर ठेवले. मेहेंदळे भिंतीकडे वळले. उठायची, जवळ जायची, आवाज चढवायची काही गरज नव्हती. घरात बोलायच्या त्याच कुजबुजीत ते म्हणाले, "आज नको, दादा."

"आच्छा," पलीकडून आलं.